व्हरायटी आणि हायब्रीड: नेमका फरक काय? (आखाजीच्या बियाणे देवाणघेवाणीसाठी विचारतेय)

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. भडगाव तालुक्यातला आमचा महिला बचत गट यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बियाण्यांची देवाणघेवाण ठेवतोय. ज्या बाईकडे घरचं जे बी असेल ते तिने आणायचं, दुसरीचं न्यायचं, आणि पुढच्या आखाजीला त्यातलंच राखलेलं परत आणायचं. सगळ्यांना आवडलं. पण यादी करायला बसलो आणि गाडं अडलं. एक म्हणते, "माझ्याकडे मक्याची मस्त व्हरायटी आहे." दुसरी म्हणते, "माझी मिरची हायब्रीड आहे, तिचं बी काढून ठेवलंय." कृषी केंद्रावर विचारलं तर दुकानदार म्हणाला, "ताई, ही हायब्रीड व्हरायटी घ्या, एक नंबर आहे."

मला वाटतं हे दोन शब्द एक नाहीत, आणि फरक बी राखण्याशीच जोडलेला आहे. बाया विश्वासाने पेरणार, वर्षभराचं पीक त्यावर अवलंबून. म्हणून जाणकारांनी सोप्या भाषेत सांगा, मला ते गटात वाचून दाखवायचंय.

तापीकाठचा
फरक कसला? व्हरायटी म्हणजे जात. हायब्रीड म्हणजे भारी जात.

काळी कसदार
तापीकाठ भाऊ, भारी-हलकं हा इथला मुद्दाच नाही. माझं शिक्षण शेतकीचं आणि शेती चोपड्याला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्हरायटीला आपल्याकडे सरळ वाण म्हणतात. तिचं बी पेरलं की तसंच पीक येतं, आणि त्या पिकाचं बी राखून पेरलं तरी पुन्हा तसंच. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांचा मुद्दाम घडवून आणलेला संकर. पाकिटात असते ती त्याची पहिली पिढी, पाकिटावर एफ-१ लिहिलेलं असतं ते हेच. ही पिढी एकसारखी वाढते आणि बऱ्याचदा आईबापापेक्षा जोमाने वाढते. त्याला संकर जोम म्हणतात. पण तिचं बी राखून पेरलं की दुसऱ्या पिढीत मूळ वाणांचे गुण सुटे होतात. एक झाड उंच, शेजारचं बुटकं, एक लवकर फुलतं, एक रेंगाळतं. मेंडेलने वाटाण्यावर हेच दाखवलं, त्याचा निबंध १८६६ साली छापला गेला.

आता आपल्या घरचं उदाहरण. भुईमुगाची जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची. निवड करून काढलेलं सरळ वाण. भुईमूग स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे शेंगा राखा, पुढच्या वर्षी फोडून पेरा, वाण तेच राहतं. तीच गोष्ट सोयाबीनच्या जेएस-३३५ ची. कृषी खातं दर उन्हाळ्यात "सोयाबीनचं घरचं बियाणं वापरा" म्हणून सांगतं ते याच आधारावर. मक्याच्या एफ-१ पाकिटाबद्दल असं कुणी सांगणार नाही.

ताई, तुमच्या यादीत मका आणि मिरची यांच्यापुढे आधी प्रश्नचिन्ह लावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी
पपईवाल्यांनी तर हा धडा पैसे मोजून घेतलाय. आमच्या शहाद्याकडे तैवान ७८६ चालते, तीच रेड लेडी. ती एफ-१ आहे. रोप महाग पडतं म्हणून एका शेतकऱ्याने चांगल्या फळांचं बी काढून घरीच रोपं केली. झाडं आली, नाही असं नाही. पण फळं एका मापाची नाहीत, गोडीत फरक. व्यापारी गाडीत भरताना एकसारखा माल बघतो. त्याने प्लॉट बघून भावच पाडला. खत, पाणी, विषाणू रोगासाठीची फवारणी, सगळा खर्च नेहमीएवढाच झालेला.

पारोळ्याची सून
आमच्या सासूबाई भराभर उंच झालेल्या मुलाला "हायब्रीड पोरगं" म्हणतात 😄 आणि जो कधी काय बोलेल याचा नेम नाही त्याला "लई व्हरायटी माणूस". कपड्याच्या दुकानात पण "व्हरायटी दाखवा". हे शब्द शेतातून घरात आले की घरातून शेतात गेले कोण जाणे!

अहिरानी मानूस
आमना गावमा हायब्रीड म्हनं की ज्वारीच समजतस. बाकी समदं बियानं. "आज काय, दादरनी भाकर का हायब्रीडनी?" आसं इचारतस. आनि दादरनी भाकर ती दादरनीच, तिले जोड नही भो.

काळी कसदार
@अहिरानी मानूस, त्यामागे इतिहास आहे भाऊ. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. पाठोपाठ १९६५ ला बाजरीची एचबी-१. खेड्यापाड्यात हायब्रीड हा शब्द ज्वारीच्या पोत्यावर बसून आला आणि ज्वारीलाच चिकटला.

गंमत म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर ज्वारीच्या नावातच लिहिलेलं असतं. सीएसएच मधला एच हायब्रीडचा, सीएसव्ही मधला व्ही व्हरायटीचा. पाकिटावर ज्वारीचं सीएसव्ही काही दिसलं तर ते राखता येतं, सीएसएच दरवर्षी नवं घ्यावं लागतं. आपली दादर किंवा सोलापूरकडची मालदांडी ही राखायचीच ज्वारी.

मातीचा_माणूस
सगळं वाचलं. माझं मत स्पष्ट आहे. हायब्रीड आलं आणि शेतकरी दुकानाच्या दारात उभा राहिला. पूर्वी माझ्या आजोबांच्या घरात सरकी, दादर, तूर, तीळ, सगळ्याची लोटकी भरलेली असायची, राख लावून. देशी कापसाची वाय-१ होती, पाऊस कमी झाला तरी तग धरायची. आज एक पाकीट घरचं नाही. त्यात हे जीन घातलेलं, विषारी. ताईंनी हायब्रीड नावाचं काहीही त्या कार्यक्रमात येऊ देऊ नये.

जामनेरची माहेरवाशीण
दादा, दुकानावर अवलंबून राहण्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण हायब्रीड म्हणजे जीन घातलेलं, विषारी, हे नाही पटत. मी लग्नाआधी कापसाच्या सीड प्लॉटवर कामाला जायचे. हायब्रीड कसं बनतं ते या हातांनी केलंय.

प्लॉटमध्ये मादीचं शेत मोठं, नराचं छोटं. दुपारी मादीच्या झाडावर उद्या उमलणारी कळी शोधायची. बघून कळते, टोक जरा वर आलेलं आणि पिवळसर असतं. अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांचा टोपरा आणि त्याबरोबर पुंकेसर असे काढायचे की मधली काडी दुखावली जाणार नाही. नख खोल गेलं तर बोंड गळतं. मग खुणेचा कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं तोडून आणायची आणि एकेक फूल त्या काडीवर हलकं फिरवायचं. ऊन चढायच्या आत आटपायचं. एक कळी सुटली आणि आपल्याच परागाने फळली, तर ते बोंड हायब्रीड नाही, म्हणून संध्याकाळी मालक सुटलेली फुलं शोधत फिरायचा.

त्यात औषध नाही, इंजेक्शन नाही. बायापोरींचे हात आहेत. एवढ्या कष्टाचं बी म्हणून ते महाग, आणि दरवर्षी नव्याने करावं लागतं म्हणून दरवर्षी विकत.

तापीकाठचा
ताई, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. कापूस आयुष्यभर लावला पण पाकिटाच्या मागे एवढं काम असतं हे आज कळलं.

काळी कसदार
जामनेरच्या ताईंना सलाम. हाताने संकर करून व्यापारी कापूस पिकवता येतो हे आधी आपल्या शेजारी सुरतला करून दाखवलं गेलं. डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४, १९७० साल. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस म्हणून तो ओळखला जातो. सुरत आणि नंदुरबारमध्ये अंतर ते किती, लवकरच इकडेही पोचला.

आता मातीचा_माणूस यांच्यासाठी. तुम्ही ज्याला जीन म्हणताय ती तिसरी गोष्ट, बीटी. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं, ज्यामुळे बोंडअळी मरते. एच-४ १९७० चा आणि बीटीला परवानगी मिळाली २००२ साली. मधली तीसेक वर्षं आपण हायब्रीड कापूस बीटीशिवायच लावत होतो. २००२ साली आलेले तिन्ही बीटी कापूस संकरित होते, म्हणून लोकांच्या मनात दोन्ही शब्द एक झाले. पण बीटी सरळ वाणातही असू शकतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने तसे वाण काढलेही आहेत. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बीटी कापूस सरळ वाणांतूनच पेरतात.

आणि आपल्या देशात जनुक बदललेलं, शेतकऱ्याच्या शेतात रीतसर व्यापारी लागवडीला आलेलं पीक एकच, कापूस. मका, मिरची, पपई, टोमॅटो हायब्रीड आहेत, बीटी नाहीत. बीटी वांग्याला २०१० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने स्थगिती दिली, ती आजही आहे.

मातीचा_माणूस
ठीक. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मान्य. पण माझा मूळ आक्षेप तसाच राहतो, की सगळं शेत एका साच्याचं झालं.

काळी कसदार
त्या आक्षेपात दम आहे, आणि त्याला पुरावाही आहे. सत्तरच्या दशकात बाजरीच्या एचबी-३ या हायब्रीडवर गोसावी (केवडा) नावाचा रोग आला. सगळीकडे एकाच रक्ताची बाजरी, मग एकाला लागला की सगळ्यांना लागला. गावोगावची वेगवेगळी बाजरी असती तर काही वाचली असती.

कापसातही एक बारीक गोष्ट आहे. झाड एफ-१ असलं तरी त्याच्या बोंडातली सरकी ही पुढची, दुसरी पिढी असते. ज्या संकरात बीटीचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, तिथे त्या एका जनुकाच्या हिशेबाने चारातली एक सरकी त्याच्याशिवाय निघते. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकी खाते. एकाच बोंडात अळीला विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी शेजारी, म्हणजे अळीला पचवायची सवय लावायला आयती जागा. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यभर जे नुकसान केलं त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक म्हणून शास्त्रज्ञ मांडतात. फरदड ठेवणं (हंगाम संपल्यावरही कापूस शेतात चालू ठेवणं), शेतात पऱ्हाट्या तशाच उभ्या राहणं, रेफ्युजी म्हणून बीटीच्या कडेने पेरायच्या नॉन-बीटी पुड्या लोकांनी बांधावर फेकून देणं, हीही कारणं आहेतच.

म्हणून पाकिटातल्या कापसाची सरकी राखून पेरू नका असं मी ठामपणे म्हणतो. वाढ एकसारखी राहणार नाही आणि बीटीचाही भरवसा नाही.

रावेरकर
मग आमच्या केळीचं काय? जी-नाईन, टिश्यू कल्चर. लोक तिलाही हायब्रीड म्हणतात. पाहुणे आले की म्हणतात, "तुमची हायब्रीड केळी लई मोठी."

काळी कसदार
रावेरकर, ग्रँड नैन, म्हणजे तुमची जी-नाईन, ही व्हरायटी, हायब्रीड अजिबात नाही. बसराई, श्रीमंती यांच्याच कुळातली. टिश्यू कल्चर ही रोपं वाढवायची पद्धत. पूर्वी तुम्ही कंद लावायचा, आता त्याच झाडाच्या कोंबाचा कण प्रयोगशाळेत वाढवून रोप करतात. दोन्हीत मूळ झाडाचीच नक्कल तयार होते, संकर कुठेच नाही. केळीला पेरायला बीच नसल्यामुळे राखायचा प्रश्न बी-बियाण्याच्या बाजूने येत नाही. कंद राखता येतो, फक्त त्याच्याबरोबर रोगही घरी येतो, तेवढं बघा.

रावेरकर
धन्यवाद साहेब. पुढच्या पाहुण्याला हेच सांगतो, केळी खायला देऊन 🍌

चाळीसगाव एक्सप्रेस
जरा वेगळा प्रश्न. पाकिटावर हिरवा टॅग असतो, काहींवर निळा. दुकानदार म्हणतो हिरवा म्हणजे हायब्रीड, निळा म्हणजे व्हरायटी. खरं का?

काळी कसदार
नाही, टॅगचा रंग हे सांगतच नाही. निळा म्हणजे प्रमाणित बियाणं, बीज प्रमाणीकरण यंत्रणेने शेत आणि बी दोन्ही तपासलेलं. हिरवा म्हणजे सत्यप्रत, ज्याला दुकानात ट्रुथफुल म्हणतात. त्यात कंपनी स्वतः लिहून देते की उगवण एवढी, शुद्धता एवढी, आणि त्याची जबाबदारी तिची. प्रमाणितच्या आधीच्या पायऱ्यांचे टॅग वेगळे: पैदासकाराच्या बियाण्याचा सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याचा पांढरा. १९६६ चा बियाणे कायदा अधिसूचित वाणांना लेबल सक्तीचं करतो, प्रमाणीकरण मात्र ऐच्छिक ठेवतो. म्हणून निळ्या टॅगचंही हायब्रीड असतं आणि हिरव्या टॅगचंही सरळ वाण असतं. वाण कुठलं ते नावाच्या ओळीत वाचा, तिथे संकरित, हायब्रीड किंवा एफ-१ लिहिलेलं असतं. आणि पावती व टॅग पीक निघेपर्यंत सांभाळा. उगवण झाली नाही तर तक्रार त्यावरच चालते.

पारोळ्याची सून
एक शंका. अशी गावात बियाण्यांची देवाणघेवाण करणं कायद्यात बसतं ना? आमच्याकडे कुणीतरी उगाच घाबरवलं की कंपनी केस करते.

काळी कसदार
बसतं. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्याच्या कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायला, पेरायला, पुन्हा पेरायला, बदलायला, वाटायला आणि विकायलाही मोकळीक आहे. वाण संरक्षित असलं तरी. मनाई एकच, संरक्षित वाणाचं बी पाकिटात भरून, लेबल लावून ब्रँडेड म्हणून विकायचं नाही. आखाजीला ओटीत बी घेऊन आलेल्या बाईला त्यातलं काही लागत नाही.

गिरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज गटाच्या बैठकीत जामनेरच्या ताईंचा अनुभव वाचला तेव्हा आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, "हे तर आम्हीपण केलंय," आणि मग गप्पा बराच वेळ चालल्या.

आम्ही ठरवलं ते असं. भुईमूग, सोयाबीन, मूग, उडीद, तूर, तीळ, दादर, हे आणायचं. पाकिटातला मका, बीटी कापूस, दुकानातल्या हायब्रीड मिरचीचं काढलेलं बी, पपई, हे नाही. मिरची ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरची आहे त्यांनी आणावी. प्रत्येक पुडीवर गाव, वाण माहीत असेल तर त्याचं नाव, आणि किती वर्षांपासून घरात आहे ते लिहायचं.

अडलंय ते भरताच्या वांग्यावर. एका ताईकडे हिरवी, पांढऱ्या रेषांची मोठी वांगी आहेत, आसोद्याकडून आणलेली. पण तिच्या बांधाला लागूनच शेजाऱ्याने हायब्रीड जांभळी वांगी लावलीत. तिचं बी चालेल?

काळी कसदार
यादी उत्तम झाली. दोन गोष्टी सांगतो. एक, वाटपाआधी उगवण बघा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. भुईमूग, सोयाबीनचे सत्तर उगवले तर चांगलं, कमी उगवले तर पेरताना बी वाढवा. दोन, सोयाबीनचं पोतं आपटू नका, त्याचं साल नाजूक असतं, उगवण तिथेच जाते.

वांग्याचं मात्र तपासायला हवं. वांगं बरंचसं स्वतःच्या परागावर फळतं, पण मधमाश्या आणि भुंगे थोडी सरमिसळ करतात. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत १०० मीटर अंतर ठेवतात. बांधाला लागून असेल तर यंदाचं बी देऊ नका. भुईमुगाला मात्र तीन मीटर पुरतात.

जामनेरची माहेरवाशीण
किंवा काही कळ्यांना उमलायच्या आधीच मलमलची पिशवी बांधा. फूल आपोआप फळेल. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे तोडणाऱ्या बाईच्या हाती जाणार नाही.

बामणोदची
आमच्याकडे भरताची वांगी घरचीच. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे बी असंच राखत आलेत. कसं राखायचं सांगते.

चांगल्या झाडावरची दोन-तीन वांगी तोडायचीच नाहीत. पार पिवळी पडून साल कडक होईपर्यंत झाडावर ठेवायची. मग तोडून काही दिवस घरात ठेवायची, मऊ पडतात. चिरून गर पाण्यात कुस्करला की भरलेलं बी तळाला बसतं, पोचट वर तरंगतं. तळाचं घ्यायचं, सावलीत सुकवायचं. आमच्या घरात एकाच झाडाचं बी कधी ठेवत नाहीत, निदान आठ-दहा झाडांचं एकत्र करतात. एकाच झाडावर गेलं की वांगी लहान होत जातात असा आमच्या मोठ्या जाऊबाईंचा अनुभव.

मातीचा_माणूस
ताई, हे फार मोलाचं. आमच्याकडे एरंडोलला ही वांगी नाहीशी झाली. बी मिळेल का?

बामणोदची
मिळेल की दादा. जळगावला येणं झालं की निरोप टाका. गिरणाकाठ ताई, तुमच्या त्या मैत्रिणीसाठीही पुडी ठेवते. तिचं बी यंदा वाटू नका, माझं न्या, आणि तिला पुढच्या वर्षी पिशवी बांधून स्वतःचं राखू द्या.

गिरणाकाठ
नक्की येते. बदल्यात आमचा तीळ आणेन, पांढरा, तेलाला चांगला. जेएलटी-७ आहे असं वडील म्हणतात, ज्याला तापी म्हणतात तो. मूळ पाकीट कुठून आलं होतं ते त्यांना विचारते आणि इथेच लिहिते, म्हणजे पुडीवर खात्रीने नाव घालता येईल.